परीक्षा होऊ दे, मग सांगू

जूनच्या मध्यावर आमच्या गल्लीत झेंडे लागतात. राष्ट्रीय सण वगैरे काही नसतो. घरातलं पोर शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की दारावर झेंडा लावायचा आणि त्याच्या काठीला पोराचं जुनं दप्तर टांगायचं, अशी इथली, म्हणजे नेदरलँड्समधली, पद्धत आहे. चेन तुटलेली, शाईचे डाग पडलेली, सहा वर्षं सायकलच्या मागे पावसात भिजून विटलेली ती दप्तरं वाऱ्यावर हलत राहतात. येणारे-जाणारे सायकलवरूनच हात उंचावून अभिनंदन करतात. काल दुकानात जाताना मला एका रांगेत तीन दप्तरं दिसली. आनंदाचीच गोष्ट आहे, पण ती बघून मी अजून कोपऱ्यावरून दुसऱ्या रस्त्यानं वळते.

आमच्याही घरावर एकदा दप्तर लागलं होतं. माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, शिडीवर चढून लावलं. आमची मुलगी रेवा खाली उभी राहून काठी सरळ आहे का ते सांगत होती. मी फोटो काढला, सवयीनं फोनमध्ये बाबांचं नाव शोधलं, आणि मग तो फोटो कुणाला पाठवायचा हे मला कळेना.

बाबा त्याच्या महिनाभर आधी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मिरजेच्या एका हॉस्पिटलात वारले. हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवावं आणि मग एकदम सांगावं, अशी लिहिण्याची एक रीत असते म्हणतात. मला ती आता सोसत नाही. कुणापासून काही लपवून ठेवणं आता नको वाटतं.

तो वसंत माझ्या डोक्यात एका पुस्तकाचा वसंत म्हणून राहिला आहे. आयर्लंडमधल्या एका पोराच्या लहानपणाची कादंबरी. रेवाला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी शाळेच्या यादीतून एक पुस्तक निवडायचं होतं. तिनं हे निवडलं, कारण यादीत ते सगळ्यात बारीक होतं. एवढंच तिचं साहित्यप्रेम. पण पन्नास पानं झाल्यावर ती जेवताना गप्प राहू लागली, आणि एक दिवस तिनं आपणहून मिरजेला फोन लावला. आजोबा इंग्रजीचे शिक्षक होते हे तिला ऐकून माहीत होतं, ते कामाला येतील असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं असावं.

बाबांनी मिरजेच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते घरच्यांना शिकवू लागले. लॉकडाऊनमध्ये तर माझी वहिनी पोळ्या लाटत असायची आणि हे ओट्याशी उभे राहून तिला वाक्यं बदलून दाखवायचे. अशा माणसाला नातीचा फोन आला, तोही पुस्तकासाठी. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही, असं वहिनी सांगत होती.

पुस्तक मिरजेत कुठून मिळणार? दुकानं बंद, पोस्टाचा भरवसा नाही. मग रेवानं एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तीन दिवस ती तेच करत होती. पान उघडं धरायला डावा अंगठा लावायची, त्यामुळे प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला. दादानं, माझ्या भावानं, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ध्या शटरखालून त्याच्या प्रती काढून आणल्या आणि स्पायरल बांधून बाबांच्या हातात दिल्या. अंगठ्यांच्या अवतीभोवती मोकळी जागा असेल तिथे बाबा कठीण शब्दांचे अर्थ पेन्सिलीनं लिहू लागले.

दुपारी अडीचला रेवाचे ऑनलाइन तास संपायचे. तेव्हा मिरजेत सहा वाजलेले असत. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, कारण वरच्या खोलीत नेट तुटायचं. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझं ऑफिसचं काम घेऊन बसलेली असे. बाबांनी एक अट घातली होती. गप्पा हव्या त्या भाषेत, पण मुख्य प्रश्नाचं उत्तर मराठीतून द्यायचं. रेवाला आम्ही पुण्याहून इथे आणलं तेव्हा ती चार वर्षांची होती. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना मात्र ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये घसरते. त्या अटीमुळे ती दोन वाक्यांसाठी पाच-पाच मिनिटं डोकं खाजवत बसायची. बाबांना घाई नसायची. मागे कुकरची शिट्टी व्हायची, कुणीतरी दार वाजवायचं, बाबा हात वर करून सगळ्यांना थांबवायचे.

त्या पुस्तकातलं पोर नऊ वर्षांचं आहे. बंदराचं लहानसं गाव, पाऊस, ओल्या लोकरीचा वास, शेकोटीत जळणारी दलदलीतली माती. ती माती विटांसारखी कापून वाळवतात आणि जाळतात, हे वाचून बाबांनी समासात लिहिलं होतं, ‘जमिनीतल्या गोवऱ्या’. रेवाला हसू आवरेना. मग तिनं त्यांना सांगितलं की आमच्या कापेल गावातल्या घराखालीही तीच माती आहे, म्हणून आमची बाग दरवर्षी थोडी खचते आणि बाबा, म्हणजे मिलिंद, दर तीन-चार वर्षांनी वाळूच्या गोण्या आणून ती वर उचलतो. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी दादाला बोलावून परत सांगायला लावलं. म्हणजे तुम्ही सगळे गोवऱ्यांवर राहता, असं म्हणून ते दोन दिवस आम्हाला चिडवत होते.

त्या पोराची आई बेकरीत कामाला असते आणि तिला खोकला होतो. मग उन्हाळ्याच्या तोंडावर पोराला आत्याच्या शेतावर पाठवतात. हवापालट म्हणून. तिथे गाढव आहे, गवताच्या गंजी आहेत, पोर रमतं. आठवड्याला एक पत्र आईला लिहितं. आत्या दर वेळी सांगते, आई बरी आहे, तुझं पत्र वाचून हसली. सुट्टी संपल्यावर पोर घरी येतं तेव्हा भिंतींना नवा रंग दिलेला असतो आणि आईची खाट जागेवर नसते. ती जुलैतच गेलेली असते. गावात पोस्टमनपासून सगळ्यांना माहीत असतं. त्याला एकट्याला नसतं.

या आत्यावरून आजोबा-नातीचं दोन दिवस वाजलं. बाबा आत्याच्या बाजूचे. पोरांच्या कानावर सगळंच घालायचं नसतं, तिनं त्याच्या भल्यासाठीच केलं, त्याचा तेवढा एक उन्हाळा तरी आनंदात गेला की नाही, असं त्यांचं म्हणणं. रेवा इंग्रजीत भांडत होती. शेवटी बाबांनी शाळामास्तरी आवाज काढला आणि प्रश्न घातला, “सांगितलं असतं तर त्या पोरानं काय केलं असतं? मराठीतून उत्तर दे.”

मी टायपिंग थांबवलं होतं.

“रडला असता,” रेवा म्हणाली. “तिच्याजवळ.”

बाबा म्हणाले, उत्तर त्रोटक आहे, पण गुण द्यावे लागतील. आणि मग त्यांनी पाणी मागितलं.

मला तेव्हा रेवाच्या उत्तराचं कौतुक वाटलं, ते तिच्या मराठीचं. अर्थाकडे माझं लक्ष गेलं नाही. आपल्या पोरीनं ‘तिच्याजवळ’ असं नीट म्हटलं, यातच मी खूश. आई म्हणून मी अशी आहे.

इथे माणसं सांगून मोकळी होतात, हे मी पंधरा वर्षं बघते आहे आणि तरी सवय होत नाही. त्याच मार्चमध्ये शेजारच्या आन्सबाई कुंपणापाशी फांद्या छाटत होत्या. रेवा सायकल लावत होती. बाईंनी कात्री खाली ठेवली आणि तिला सांगितलं की माझा नवरा आता फार दिवस काढणार नाही, त्याला भेटायचं असेल तर शुक्रवारपर्यंत ये, आत येता येणार नाही पण खिडकीतून हात हलवता येईल. जणू पाहुणे गावाला निघालेत अशा सुरात. रेवा गेली. काचेच्या बाहेर उभी राहून तिनं हात हलवला, आतून म्हाताऱ्यानं हलवला, आणि ती घरी येऊन जेवली. परीक्षेच्या दिवसांत पोरीला असं कसं सांगतात, एवढंच मला आणि मिलिंदला सुचलं.

एप्रिल संपत आला तेव्हा फोन आला. उशिरानंच आला. बाबांना सोमवारी दाखल केलं होतं आणि दादानं मला सांगितलं गुरुवारी; तोवर बाबांचा फोन बिघडलाय, एवढंच तो कळवत होता. तू तिथे बसून काय करणार, उगाच जिवाला घोर, म्हणून नाही सांगितलं, असं तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. तो रडायला लागला, म्हणून मी गप्प बसले. रांगा लावून, लोकांच्या हातापाया पडून त्यानं ऑक्सिजनची खाट मिळवली होती आणि मी त्याला विचारत होते की मला तीन दिवस आधी का नाही सांगितलंस.

त्यानं नंतर बाबांना फोन जोडून दिला. मास्कमुळे आवाज लांबून येत होता, पण आवाज त्यांचाच होता. पहिलं वाक्य म्हणाले, “अनू, रेवाला सांगू नकोस. परीक्षा होऊ दे, मग सांगू.” मग अकराव्या प्रकरणाच्या टिपा कुठल्या वहीत आहेत ते सांगू लागले, आणि नर्सनं त्यांना बोलू नका म्हणून दटावलं.

मी येते, असं मी म्हटलं खरं. कशी येणार होते? विमानं बंद होत चालली होती. एक वेळ इथून जाता आलं असतं, पण परत कधी येता येईल हे कुणी सांगत नव्हतं. दादा म्हणाला, आलीस तरी तुला वॉर्डाच्या दारात कोण उभं करणार आहे? मलाच खाली रस्त्यावर थांबावं लागतं. मी विमान कंपनीला फोन करत होते, दूतावासाला मेल पाठवत होते, ओळखीच्या ओळखीनं सांगलीतल्या डॉक्टरांचे नंबर मिळवत होते. ते सगळे नंबर दादाकडे माझ्या आधी पोचलेले असत. संध्याकाळी मी नदीच्या बांधावर जाऊन उभी राहायची. झाडांना कोवळी पानं फुटली होती, ऊन स्वच्छ होतं, लोक कुत्री फिरवत होते. एवढं सुंदर हवामान मला तेव्हा अपमानासारखं वाटायचं.

माझ्या हातात एकच काम होतं, ते म्हणजे रेवाला कळू न देणं. बाबांनी ते मला नेमून दिलं होतं. बाकी काहीच करता येत नव्हतं म्हणून मी ते काम जीव ओतून केलं. इतकं मन लावून मी इथलं ऑफिसचं कामही कधी केलं नव्हतं.

तिला काय सांगितलं? सांगितलं की मिरजेत साथ फार वाढली आहे, म्हणून आजोबांना वहिनीच्या माहेरी, तासगावजवळच्या मळ्यावर नेलंय. तिथली हवा चांगली आहे. रेंज नाही, म्हणून फोन लागत नाही. हवापालट. महिनाभर मी त्या टेबलाशी बसून ती कादंबरी कानांनी ऐकली होती, आणि वेळ आल्यावर माझ्या तोंडून त्या आत्याचीच थाप निघाली. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. रेवाच्या कसं आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिनं फक्त विचारलं, स्पायरलची वही त्यांनी बरोबर नेलीय ना? मी म्हटलं, नेलीय.

आमच्या घरात हे नवीन नव्हतं. माझ्या दहावीच्या परीक्षेत, इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी, माझा मामा गेला. एसटीत कंडक्टर होता, मला परगावची बोरं आणून द्यायचा. मला कुणी काही सांगितलं नाही. आई कोल्हापूरला कामासाठी गेली होती म्हणे. पण शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणून ठेवली, रेडिओ दोन दिवस कुणी लावला नाही, आणि बाबांनी माझी सायकल स्वतः पुसून दिली. मला कळलं. मी विचारलं नाही. बाकीचे पेपर मी तसेच लिहिले आणि शेवटच्या पेपरनंतर बाबांनी मला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला आणि सांगितलं, तेव्हा मी आत्ताच कळल्यासारखी रडले. त्यांनी माझ्यापासून लपवलं, मी त्यांच्यापासून. दोघांनीही आपापलं पोटात ठेवलं. मला राग आला नव्हता. घरात आपल्याला इतकं जपतात, याचं उलट बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं, की मी नंतर तसं ठरवून घेतलं, हे आता सांगता येत नाही.

त्यामुळे मी धरून चालले होते की रेवालाही आपोआप कळेल. मी जेवत नाही, माझे डोळे सुजलेत, मिलिंद भाजी चिरताना फोन उचलून मागच्या सायकलींच्या खोलीत जातो. आपल्याकडचं पोर एवढ्यावरून काय ते समजतं आणि गप्प राहतं. पण रेवा ज्या गावात वाढली तिथे सांगायचं ते तोंडानं सांगतात. मी म्हटलं मला परागकणांचा त्रास होतोय, तर तिनं माझ्यासाठी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. दिवसाला एक घ्यायची, असं बजावलं. मी तिच्यासमोर रोज एक गोळी घेत होते.

सायकलींच्या खोलीत मी रडून घ्यायची. तिथे तीन सायकली, रंगाचे डबे आणि हवा भरायचा पंप होता. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून पाठ लावून उभी राहायची. रोज दहा मिनिटं दादाशी, जमलं तर दोन मिनिटं बाबांशी. ते विचारायचे, रेवा कुठवर आली? मी सांगायची, तेराव्या प्रकरणावर. चौदाव्या. रात्री मिलिंद म्हणायचा, आता सांगून टाकू या का गं? मग तोच म्हणायचा, नको, तोंडी होऊ दे निदान, गुरुवारी तर आहे. तोंडीनंतर पंधरा दिवसांनी लेखी सुरू होणार होती. आम्ही कुठवर लपवणार होतो, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला दादाचा फोन आला. पहाटे बाबांना व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. आता बोलणं नाही, तो म्हणाला. मी बरं म्हटलं आणि रेवासाठी पोहे केले.

तिच्या इंग्रजीच्या बाई विलगीकरणात होत्या, म्हणून परीक्षा लॅपटॉपवर होती. रेवानं त्या दिवशी वरच्या खोलीतच बसायचं ठरवलं, मिलिंदनं नेटची तार जिन्यावरून वर ओढून दिली. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले. दार पुरतं लागलेलं नव्हतं. बाईंनी आधी काळ, भाषा, निवेदन असलं काहीबाही विचारलं. रेवा चांगली उत्तरं देत होती. आवाजात बाबांची लकब आली होती, मुद्दा सांगण्याआधी जरा थांबायची. मग बाईंनी विचारलं, या पुस्तकात कुणीच दुष्ट नाही, तरी पोराचं इतकं नुकसान होतं, ते कोण करतं?

रेवा इंग्रजीत बोलत होती. मला जसं समजलं तसं लिहिते. ती म्हणाली, आत्या करते. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्याला रडताना बघणं तिला झेपणार नव्हतं. म्हणून तिनं त्याच्याकडून ते काढून घेतलं. माझे आजोबा म्हणतात तिनं त्याचा एक उन्हाळा वाचवला. मला वाटतं तिनं स्वतःला वाचवलं. आजोबा या आठवड्यात मळ्यावर आहेत, तिथे फोन नाही, नाहीतर मी त्यांना हे सांगून पटवणार होते.

बाई हसल्या. म्हणाल्या, आल्यावर सांग.

मी पायरीवर बसून तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. लेखी परीक्षा, बाबांना दिलेला शब्द, मिलिंदचं ‘थांब’, यांतलं काहीही मला त्या वेळी धरून ठेवता आलं नाही. मी धाडस केलं असं कुणी समजू नये. सांगायला हवं होतं तेव्हा मी सांगितलं नाही. सांगून काही उपयोग उरला नाही, तेव्हा माझ्याच्यानं लपवणं होईना, एवढंच खरं.

रेवानं लॅपटॉप मिटला आणि ती दार उघडून बाहेर आली. खूश होती. दहापैकी नऊ तरी देतील, असं म्हणत होती. मला पायरीवर बघून थांबली. मी तिला बस म्हटलं. ती माझ्या वरच्या पायरीवर बसली. मी सांगितलं. मळा नाही, हॉस्पिटल. करोना. व्हेंटिलेटर. शब्द एकामागून एक बाहेर पडले, त्यांना काही चाल नव्हती.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. ओरडेल असंही वाटलं होतं. तिनं कानातले इअरफोन काढून गुंडाळले आणि हातात धरले.

“आत्ता बोलू शकतात?” तिनं मराठीत विचारलं.

नाही, मी म्हटलं.

“काल?”

काल तोंडावर घट्ट मास्क होता. नाही.

खाली मिलिंदच्या मीटिंगचा आवाज येत होता.

“मंगळवारी?”

मंगळवारी बोलले, मी म्हटलं. दम लागत होता, पण बोलले.

“काय म्हणाले?”

मला खोटं बोलता आलं असतं. आठवडाभरात मला त्याचा चांगला सराव झाला होता.

“म्हणाले, रेवाला दे जरा फोन.”

“आणि तू?”

“मी सांगितलं, ती शाळेत गेलीय.”

रेवानं माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द शोधत, पण न अडखळता, तिनं विचारलं, “आणि मी कुठे होते, आई?”

“घरातच,” मी म्हटलं. “वर, तुझ्या खोलीत.”